फाइल मंजूर कुठं होते? सांगलीच्या एका सीएचं प्रकरण

2019च्या जानेवारीत सीए फायनलचा निकाल लागला आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांत तिच्यासमोर तीन नोकऱ्या आल्या. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याचा हिशेब विभाग सांभाळायचा, वर्षाला पावणेपाच लाख. पुण्यात खराडीला एका परदेशी बँकेच्या कॅप्टिव्ह सेंटरमध्ये (बँकेचंच काम इथून करून देणारं तिचं स्वतःचं केंद्र), नऊ लाख. मुंबईत अंधेरीला, छोट्या-मध्यम उद्योगांना कर्ज देणाऱ्या एका वित्त कंपनीत क्रेडिट ॲनालिस्ट, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासणारी, साडेसात लाख. घर विश्रामबागला, वडील बँकेतून निवृत्त, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आणि त्याच्या शिक्षणाचं कर्ज डोक्यावर.

ती आमच्या सीए ऑफिसात आर्टिकल, म्हणजे प्रशिक्षणार्थी, होती. तिच्या परवानगीनं लिहितोय. तिचं नाव देत नाही, तिनं जिथं काम केलं त्या कंपन्यांचीही नावं देत नाही. हे प्रकरण मांडावंसं वाटलं, कारण दर वर्षी सांगली-मिरजेची मुलं हाच प्रश्न घेऊन येतात, "सर, पुणे का मुंबई?" सोबत एक कागद असतो, त्यावर पगार वजा भाडं वजा प्रवास असं गणित मांडलेलं असतं. ते गणित करायलाच हवं. पण वित्त क्षेत्रात शहराचा मोठा परिणाम त्या कागदावर उतरत नाही. त्या शहरात कुठला निर्णय घेतला जातो आणि तो घेतला जात असताना तुम्ही खोलीत असता का, हे त्या कागदावर कुणी लिहीत नाही.

सांगलीत ती काय शिकली

तिची आर्टिकलशिप तीन वर्षांची होती. (2023च्या जुलैपासून ती दोन वर्षांची झाली आहे.) त्याच काळात 1 जुलै 2017ला जीएसटी आला आणि मार्केट यार्डातल्या निम्म्या अडत दुकानांची पहिली रिटर्न तिनं भरली. टॅक्स ऑडिट, एप्रिलमधलं बँक शाखांचं ऑडिट हे सगळीकडच्या मुलांना मिळतं. सांगलीत तिला जास्तीचं मिळालं ते स्टॉक ऑडिट.

व्यापाऱ्याला बँकेनं सीसी (कॅश क्रेडिट, मालाच्या तारणावर ठरावीक मर्यादेपर्यंतची उचल) दिलेली असते. तो दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट देतो. मालातून देणी वजा करायची, येणी धरायची, मार्जिन कापायचं, मग उरते ती ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्याला उचलता येणारी रक्कम. कागदावर हे दहा मिनिटांचं काम आहे. गोदामात उभं राहिलं की वेगळंच दिसतं. हळदीची थप्पी बाहेरून भरलेली दिसते, आत पोकळ आहे का ते बघावं लागतं. राजापुरी म्हणून दाखवलेल्या पोत्यांत सेलम जातीची हळद निघते आणि भावात फरक पडतो. बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये 15 किलोच्या बॉक्सांत असतो, त्याच्या पावतीवर लॉट नंबर असतो, आणि तोच लॉट दुसऱ्या बँकेकडंही तारण आहे का हे स्टोरेजच्या मुनिमाला चार शब्द प्रेमानं विचारल्याशिवाय कळत नाही. साखर कारखान्यांचं आणखी निराळं. ऊस कारखान्याला दिल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव) द्यायची असा 1966च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम, आणि साखर विकली जाणार वर्षभर. मधला सगळा काळ पोत्यावर बँक किती उचल देते यावर चालतो.

बेदाण्याच्या बाजारात आणखी एक पद्धत आहे. दिवाळीच्या तोंडावर सौदे बंद ठेवायचे आणि जुनी येणी-देणी चुकती करायची. बाजारात याला झिरो पेमेंट म्हणतात. त्यामुळं तासगावच्या एखाद्या व्यापाऱ्याची येणी सप्टेंबरात पाहिली तर बुडीत वाटावीत इतकी जुनी दिसतात, आणि दिवाळीनंतर पाहिली तर जवळपास साफ. हे तिनं यार्डात बसून शिकलेलं. पुढं याचा उपयोग झाला तो इथून चारशे किलोमीटरवर.

कर्ज घेणारा माणूस कसा जगतो, कशावर झोपतो, कुठल्या महिन्यात घाबरतो, हे शिकायला सांगलीसारखी जागा नाही असं माझं ठाम मत आहे. मुंबईतल्या मोठ्या फर्ममध्ये आर्टिकलशिप केलेला मुलगा एका अवाढव्य कंपनीचं फक्त स्थावर मालमत्तेचं रजिस्टर तपासत दोन हंगाम काढू शकतो. स्टायपेंड मात्र त्याला जास्त मिळतो. सीए इन्स्टिट्यूटच्या नियमांत किमान स्टायपेंडच शहराच्या लोकसंख्येवर ठरतो: 4 लाखांच्या आतलं, 4 ते 20 लाखांचं आणि 20 लाखांच्या वरचं. म्युच्युअल फंडातही वरची 30 शहरं आणि बाकीची अशी विभागणी आहे, सांगली बाकीच्यांत येते. करिअर सुरू होण्याआधीच शहर असं नियमांत येऊन बसलेलं असतं.

मुख्य कार्यालय गेलं की

तिचे वडील सांगली बँकेच्या कर्ज विभागात होते. 1916 सालची ही बँक 2007च्या एप्रिलमध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. त्याच्या सहा-सात महिने आधी, 2006च्या ऑक्टोबरात, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली होती. ती 1936ची. म्हणजे एका वर्षाच्या आत कृष्णाकाठच्या दोन जिल्हा-शहरांतून दोन शेड्यूल्ड बँकांची मुख्य कार्यालयं संपली.

शाखा राहिल्या. ठेवी राहिल्या, कर्जंही मिळत राहिली. पण मुख्य कार्यालय म्हणजे कर्ज मंजुरी, गुंतवणूक, तपासणी, संचालक मंडळासमोर जाणारी टिपणं. हे काम करणारी माणसं एका शहरात असतात तेव्हा शाखेत लागलेल्या विशीतल्या पोरालाही ती दिसतात, त्यांच्या हाताखाली बदली मागता येते. तिच्या वडिलांनी मला एकदा सांगितलं होतं, "पूर्वी प्रपोजलवर शंका आली की साहेब बोलावून घ्यायचे. तासभर उलटतपासणी. घाम फुटायचा, पण त्यातनंच कळत गेलं."

हळदीचंही तसंच. सांगलीत हळदीच्या वायद्यासाठी मान्यता असलेलं स्पाइसेस अँड ऑइलसीड्स एक्स्चेंज होतं. 2003मध्ये मुंबईत मुख्यालय असलेलं एनसीडीईएक्स हे शेतीमालाच्या वायद्यांचं एक्स्चेंज सुरू झालं आणि वायदा हळूहळू संगणकाच्या पडद्यावर गेला. हळद अजून इथं येते, 2018मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वायदे बाजारात करिअर करायचं म्हणणाऱ्या सांगलीच्या मुलाला आज सांगलीत राहून भागत नाही. कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेचा रस्ता तिसराच. 1943ची ही बँक टिकली, वाढली, आरबीएल झाली. तिचं नोंदणीकृत कार्यालय आजही कोल्हापुरात आहे, पण कॉर्पोरेट कार्यालय मुंबईत.

इथं निर्णय होतच नाहीत असं नाही. जिल्हा बँक, नागरी सहकारी बँका, पतसंस्था यांची मंजुरी इथंच होते आणि त्यांत शिकायलाही भरपूर मिळतं. पण नागरी बँकेला एका कर्जदाराला टियर-1 भांडवलाच्या (बँकेच्या स्वतःच्या मूळ भांडवलाच्या) 15 टक्क्यांपर्यंतच देता येतं. कर्जदार त्यापुढं वाढला की त्याची फाइल दुसऱ्या बँकेकडं आणि दुसऱ्या शहरात जाते. फाइलबरोबर तिच्यावरचं शिक्षणही जातं.

तिनं पुणं का निवडलं

माझं मत मुंबईकडं होतं आणि मी ते सांगितलंही होतं. तिच्या वडिलांचं पुण्याकडं. त्यांचं कारण मला तेव्हाही कमी वजनाचं वाटलं नव्हतं. 2018च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीनं देणी थकवली होती आणि त्यानंतर बिगर-बँक वित्त कंपन्यांना पैसा मिळणं अवघड झालं होतं. अशा वेळी एका मध्यम वित्त कंपनीत पहिली नोकरी धरायची, तीही दीड लाख कमी पगारावर. "पुण्याला जा बाई. स्वारगेटवरनं रात्री बसलीस की पहाटे दारात. कंपनी परदेशी बँकेची हाय, बुडायची भीती न्हाई." 2019च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं संचालक मंडळ बाजूला केलं, तेव्हा त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती हे दिसलं.

2019च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. विश्रामबाग उंचावर, घरात पाणी आलं नाही, पण गावभागातल्या मामाच्या घरात आलं. रस्ते बंद, आणि ती खराडीत अडकलेली. मुंबईत असती तर काही वेगळं झालं असतं असं नाही. तरी त्यानंतर 'घरापासून किती लांब' या रकान्याचं वजन तिच्या मनात वाढलं, आणि पुण्यातून हलायचा विचार एक-दोन वर्षं तरी मागे पडला.

पुण्यातलं काम प्रॉडक्ट कंट्रोलचं. बँकेच्या लंडनमधल्या खरेदी-विक्रीच्या डेस्कनं काल जो व्यवहार केला त्याचा नफा-तोटा बरोबर धरला आहे का, फरक असेल तर कुठून आला, हे रोज तपासायचं. काम कठीण होतं, शिस्त उत्तम होती, तिला ते चांगलं जमायचं. दुपारी बाराला सुरू, रात्री नऊपर्यंत. बढतीही मिळाली. पण फरक सापडला की तो कुणाला तरी कळवायचा, आणि पुढं काय करायचं ते लंडनमध्ये ठरणार. ज्यांच्या निर्णयाचे आकडे ती रोज तपासत होती, त्यांच्यासमोर ती कधी बसली नाही.

2020च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ती सांगलीला आली. सव्वा वर्ष तेच काम विश्रामबागच्या माडीवर बसून केलं. आई-वडील खूश होते. तिच्या मनात मात्र तिथंच पहिली शंका आली. खराडीतलं काम सांगलीतून होऊ शकत असेल, तर ते खराडीतही कशाला राहायला हवं? आणि ते कुठूनही होत असेल तर पुढच्या दहा वर्षांत तिची किंमत कशावर ठरणार? तिनं मला फोन केला तेव्हा एकच वाक्य बोलली, "सर, मला परत माल बघायचाय."

इथं पुण्यावर अन्याय नको. बँक ऑफ महाराष्ट्र 1935पासून पुण्याची, बजाज फायनान्सचा कारभार पुण्यातून चालतो. ग्राहक कर्जांचं धोरण आखणाऱ्या माणसांजवळ बसायचं असेल तर पुणं हे देशातल्या चांगल्या जागांपैकी एक आहे. तिच्या वाट्याला पुण्यातली जी खुर्ची आली तिथं मंजुरी नव्हती, एवढंच. पण बाहेरून पुण्याला जाणाऱ्या सीएला कॅम्पसमधून बहुतेक वेळा हीच खुर्ची मिळते, आणि पगार बघून ती नाकारणं फार अवघड असतं.

मुंबई, उशिरा

2022मध्ये तिनं मुंबईतल्या क्रेडिटच्या जागांसाठी मुलाखती द्यायला सुरुवात केली. प्रत्येक ठिकाणी दुसरा किंवा तिसरा प्रश्न तोच: स्वतः किती प्रपोजल (कर्जाचे प्रस्ताव) लिहिलीत? उत्तर शून्य. सांगलीतली स्टॉक ऑडिट्स आर्टिकलशिपमधली म्हणून अनुभवात धरली जात नव्हती, आणि पुण्यातली तीन वर्षं क्रेडिटची नव्हती. शेवटी एका खासगी बँकेनं घेतलं, मिड-कॉर्पोरेट क्रेडिटमध्ये, म्हणजे मध्यम कंपन्यांच्या कर्ज विभागात. पद मात्र नव्या सीएचं. शेजारच्या खुर्चीवरचा मुलगा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. पगार साडेअकराचा साडेदहा झाला आणि मुलुंडला तीन मुलींत घेतलेल्या फ्लॅटचं भाडं खराडीच्या जवळपास दुप्पट. जुन्या कररचनेत घरभाडे भत्त्याच्या सवलतीला तेव्हा मुंबईत पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा होती आणि पुण्यात 40 टक्क्यांची. तेवढाच दिलासा.

ही किंमत पुण्याच्या तीन वर्षांची आहे असं मी मानतो. पहिल्या तीन-चार वर्षांत तुम्ही ज्या प्रकारचं काम करता, त्याच प्रकारची पुढची नोकरी बाजार देतो. रुळ बदलता येतो, पण बदलताना खालच्या पायरीवर उतरावं लागतं. आणि पहिल्या शहरात कुठलं काम उपलब्ध आहे यावर तो रुळ ठरून जातो.

मुंबईत तिला मिळालं ते क्रेडिट कमिटीचं, म्हणजे कर्ज मंजूर-नामंजूर करणाऱ्या समितीचं दार. पहिलं वर्षभर ती फक्त नोट घेऊन बाहेर बसायची, कुणी आकडा विचारला तर आत बोलावायचे. मग आत बसू द्यायला लागले. एका कंपनीला नकार का दिला आणि तिच्याहून कमजोर ताळेबंद असलेल्या दुसरीला का मंजुरी मिळाली, हे तिथं बसल्याशिवाय कळत नाही. मिनिट्समध्ये ते लिहिलेलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत रेटिंग एजन्सीतला (कंपनी कर्ज फेडेल का याचं मानांकन देणाऱ्या संस्थेतला) कुणी भेटतो, कन्सॉर्शियमच्या (एकाच कंपनीला मिळून कर्ज देणाऱ्या बँकांच्या) बैठकीत दुसऱ्या बँकेचा अधिकारी भेटतो. रिझर्व्ह बँक, सेबी, दोन्ही शेअर बाजार आणि बहुतेक मोठ्या खासगी बँका एका लोकल प्रवासाच्या अंतरात असल्यामुळं हे सहज होतं.

दुसऱ्या वर्षी एका बेदाणा निर्यातदाराची फाइल आली. सप्टेंबरअखेरचे आकडे, येणी पाच महिन्यांची. क्रेडिट हेडनं नोटवर पेन्सिलनं नकाराची खूण केली होती. तिनं उठून झिरो पेमेंटची पद्धत सांगितली आणि निर्णय दिवाळीनंतर तीन आठवडे थांबवावा, तेव्हाचं बँक स्टेटमेंट मागवावं असं सुचवलं. स्टेटमेंट आलं, येणी वसूल झालेली होती, कर्ज मंजूर झालं. त्यानंतर शेतीमालाच्या व्यापारातली प्रत्येक फाइल तिच्याकडं येऊ लागली. नाशिकचा कांदा, लातूरचं सोयाबीन, निजामाबादची हळद. दोन वर्षांत पद पुढं सरकलं आणि गेलेली पायरी भरून निघाली.

मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. त्या खोलीत तिच्याहून हुशार आणि चांगल्या कॉलेजांतून आलेले लोक होते. सांगलीचा यार्ड त्यांच्यातल्या कुणी पाहिला नव्हता. आणि यार्ड पाहिलेली सांगलीतली माणसं त्या खोलीत नव्हती.

जो इथंच राहिला

तिच्या बरोबरचा आर्टिकल सीए झाल्यावर कुठंच गेला नाही. मिरज रस्त्यावर ऑफिस थाटलं. आज त्याच्याकडं सहा-सात माणसं कामाला आहेत, द्राक्ष निर्यातदार आहेत, मिरजेतले दोन-तीन दवाखाने आहेत. स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर शहराचं गणित उलटं चालतं. तिथं अशील वडिलांच्या ओळखीतून येतो, लग्नकार्यात भेटतो, मुलाच्या दुकानाचं रिटर्नही तुमच्याकडंच देतो. ती ओळख मुंबईला नेता येत नाही. तो गेला असता तर पहिली पाच वर्षं वाया गेली असती. 'पुणे का मुंबई' विचारणाऱ्या मुलांना म्हणून मी आधी विचारतो: नोकरी का प्रॅक्टिस?

कुपवाडचा फोन

2025च्या सुरुवातीला कुपवाडच्या एका बेदाणा-हळद निर्यात कंपनीनं तिला वित्त प्रमुख म्हणून बोलावलं. कंपनीचं कर्ज सहकारी बँकेच्या मर्यादेपलीकडं गेलेलं, एक खासगी बँक नव्यानं आलेली, रेटिंग घ्यायचं होतं. पगार वर्षाला एकवीस लाख. मुंबईत तिला सव्वीस मिळत होते. वडिलांचं अँजिओप्लास्टीचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. घरच्यांना वाटलं आता प्रश्नच नाही.

मी तिला पगाराबद्दल काहीच बोललो नाही. सांगलीत पाच लाखांचा फरक राहणीमानात निघून जातो. मी एवढंच विचारलं, की बँकेच्या बैठकीला मालक एकटे जाणार का तू जाणार? मालकांच्या मनात ती हिशेब, जीएसटी आणि पगारपत्रकं बघणार आणि बँकेशी ते स्वतः बोलणार असं होतं. तसं असतं तर हीच 2019ची पावणेपाच लाखांची नोकरी, फक्त पगार मोठा. तिनं तीन गोष्टी नियुक्तीपत्रात लिहून घेतल्या. बँक आणि रेटिंग एजन्सीची प्रत्येक बैठक ती करणार. कर्जाच्या अर्जावर मालकांबरोबर तिची सही असणार. महिन्यातून एकदा मुंबईला जाणार, खर्च कंपनीचा. मालकांनी पंधरा दिवस विचार केला आणि मान्य केलं.

एप्रिलमध्ये ती रुजू झाली. पहिलं काम तिनं घेतलं ते सीसीच्या रचनेचं. कंपनीला वर्षभर एकच मर्यादा होती. बेदाणा उन्हाळ्यात तयार होतो, खरेदीचा सगळा ताण मार्च ते जून, तेव्हा मर्यादा तोकडी पडायची आणि बाजारातून महागडा पैसा उचलावा लागायचा. हिवाळ्यात तीच मर्यादा अर्धी रिकामी. तिनं पीक (peak, खरेदीच्या हंगामातली जास्तीची) आणि नॉन-पीक (एरवीची कमी) अशा दोन मर्यादा मागितल्या आणि वार्षिक स्टॉक ऑडिट सप्टेंबरऐवजी दिवाळीनंतर करावं असं सुचवलं. दोन्ही गोष्टी बँकिंगमध्ये नव्या नाहीत, कुणीतरी मागायच्या असतात. अर्जाची नोट तिनं कमिटी ज्या क्रमानं वाचते त्या क्रमानं लिहिली. आधी पैसा परत कुठून आणि कुठल्या महिन्यात येणार ते, मग तारण, मग ताळेबंद.

ऑगस्टमध्ये मंजुरी आली. पीक मर्यादा मागितली त्याच्या नव्वद टक्के मिळाली, ऑडिटचा महिना बदलला, व्याजदर होता तोच राहिला. दराबद्दल बँकेनं सांगितलंय की रेटिंग आल्यावर बोलू. रेटिंगसाठी तीन वर्षांचे ऑडिट केलेले ताळेबंद लागणार आहेत आणि त्यांतल्या एका वर्षात मालकांच्या भावाच्या फर्मला दिलेली उसनवारी अजून येणं म्हणून दिसते. ती मार्चआधी परत आणा, नाहीतर एजन्सीकडं जाऊ नका, असं तिनं मालकांना लिहून दिलंय.